अमेरिका म्हणजे देश की खंड? (आणि आमच्या मंडळाचा चषक)

खामलावासी | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, घरात या विषयावर बोलायला बंदी झाली आहे, म्हणून इथे आलो.

आमच्या सोसायटीत (नागपूर, खामला भाग) गणपतीत दरवर्षी मुलांची प्रश्नमंजूषा असते. मागच्या वर्षी प्रश्न काढणारे गृहस्थ बदली होऊन पुण्याला गेले, त्यामुळे यंदा ते काम माझ्या गळ्यात पडलं. तीन रात्री जागून साठ प्रश्न काढले. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर पुढे काळ्या शाईत प्रश्न, मागे लाल शाईत उत्तर. अंतिम फेरीत ए विंग आणि सी विंग अगदी बरोबरीत आल्या. शेवटचं कार्ड उचललं: 'अमेरिकेतली सर्वात लांब नदी कोणती?'

बझर ऐनवेळी बिघडल्यानं आरतीची घंटी वापरत होतो. सी विंगच्या मुलीनं (सातवीत आहे) ती आधी वाजवली आणि म्हणाली, "अमेझॉन." मी कार्ड उलटलं. लाल शाईत 'मिसिसिपी'. म्हटलं, चूक. ए विंगच्या पोरानं लगेच 'मिसिसिपी' म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या, चषक ए विंगला. मी स्वतः ए विंगमध्ये राहतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणीतरी काढेलच.

पोरगी रडली वगैरे नाही. तिनं फक्त विचारलं, "काका, ब्राझील अमेरिकेत नाही का?"
मी म्हणालो, "बेटा, ते दक्षिण अमेरिकेत."
"मग दक्षिण अमेरिका अमेरिकेत नाही का?"

माईक चालूच होता. मंडपात असा हशा पिकला की मोदकाचं ताट घेऊन येणाऱ्या वहिनी दारातच थांबल्या. मागच्या रांगेतून तिचे आबाजी उठले आणि म्हणाले, "प्रश्नच मोघम आहे, निकाल रद्द करा." तिथून जे सुरू झालं ते विसर्जन होऊन गेलं तरी संपलेलं नाही. लिफ्टमध्ये सी विंगवाले माझ्याशी बोलत नाहीत.

तर सांगा. नुसतं 'अमेरिका' म्हटलं की देश धरायचा की खंड?

---

तर्रीबाज | रविवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. तर्री पोहे घेऊन बसून राहिलो मी, होऊन जाऊ द्या.

---

अर्धविराम | रविवार, रात्री ११:०५

देश. यात चर्चा कसली? 'पोराला अमेरिकेचा व्हिसा मिळाला' म्हटल्यावर आजवर कोणी 'पॅराग्वेचा का?' असं विचारलंय? शब्दाचा अर्थ लोक ठरवतात आणि लोकांनी केव्हाच ठरवलाय. मुलगी हुशार आहे, पण चषक ए विंगचाच.

---

जुनाभूगोल | सोमवार, सकाळी ६:२०

एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

आपल्याकडे शाळेत सात खंड शिकवतात. त्यात उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका ही दोन वेगळी खंडं. नुसतं 'अमेरिका' नावाचं खंड आपल्या पुस्तकात नाहीच. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमाच्या हिशेबानं मोकळं 'अमेरिका' आलं की देश धरावा लागतो. इथवर श्री. अर्धविराम यांच्याशी सहमत.

पण मुलीच्या बाजूनंही बघा. सध्याचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे. तिच्या घरी एखादं मोठं भावंड दहावीत असेल तर वर्षभर ब्राझील, ब्राझील ऐकत असणार. 'दक्षिण अमेरिकेतला देश' या शब्दांत 'अमेरिकेतला देश' ऐकू येणं ही चूक नव्हे, ते साधं व्याकरण आहे. दक्षिण नागपूर नागपुरातच असतं ना?

आता खामलावासी, तुम्ही जरा खुर्ची धरून बसा. तुमच्या कार्डावरचं उत्तरही चुकलेलं आहे. प्रश्नातली अमेरिका देश धरली तरी तिथली सर्वात लांब नदी मिसिसिपी नाही, मिसुरी. ती रॉकी पर्वतात उगम पावते आणि सेंट लुईसजवळ मिसिसिपीला मिळते. मिळणारी ती, म्हणून तिला उपनदी म्हणतात, पण लांबी मोजली तर उपनदीच मोठी भरते. पुढच्या प्रवाहाला नाव कोणाचं द्यायचं हे लांबी बघून ठरलेलं नाही. गोरे लोक ज्या बाजूनं आले, त्यांना जी नदी आधी भेटली, तिचं नाव पुढे चाललं. आपल्या वर्धा आणि वैनगंगा यांनी हा तंटाच ठेवला नाही. दोघी भेटल्या की दोघींची नावं सुटतात आणि पुढे प्राणहिता वाहते.

---

खामलावासी | सोमवार, सकाळी ८:१५

सर, चहा सांडला.

म्हणजे तिचं उत्तर माझ्या प्रश्नाला चूक आणि माझं उत्तर माझ्याच प्रश्नाला चूक? कृपा करून हे आबाजींच्या कानावर जाऊ नये. ते सोसायटीच्या ग्रुपवर आहेत, इथे असतील तर माझी धडगत नाही.

---

सौदामिनी_२ | सोमवार, सकाळी ११:३०

मी धरमपेठेत स्पॅनिश शिकवते आणि हा प्रश्न माझ्या प्रत्येक बॅचमध्ये दुसऱ्या आठवड्यात येतो. 'मी भारतीय, ती जपानी, तो अमेरिकन' हा धडा आला की मी फळ्याजवळ थांबते आणि म्हणते, इथे 'आमेरिकानो' लिहाल तर अर्धं जग रागावेल.

स्पॅनिशमध्ये अमेरिकेच्या नागरिकासाठी वेगळा शब्दच आहे: एस्तादोउनिदेन्से. शब्दशः करायचं तर 'संयुक्तसंस्थानी'. लांबलचक आहे, मुलं अडखळतात, पण मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या वर्तमानपत्रांत रोज छापला जातो. तिकडच्या बहुतेक देशांत शाळेत शिकवतात की अमेरिका हे एकच खंड, वर अलास्का, खाली तिएर्रा देल फ्वेगो. ऑलिंपिकची पाच वर्तुळं आठवा. पाच खंडांची पाच, त्यात अमेरिका एकच मोजलेली आहे. फुटबॉलवाल्यांना 'कोपा अमेरिका' ठाऊक असेल. ती दक्षिणेतल्या देशांची स्पर्धा, १९१६ पासूनची, हे नाव १९७५ पासून. आणि २०२४ ची कोपा अमेरिका झाली कुठे? अमेरिकेत! आता या वाक्यातल्या दोन अमेरिका वेगळ्या करून दाखवा.

'संयुक्त संस्थाने' म्हटलं तरी गाडी अडतेच. मेक्सिकोचं अधिकृत नाव आजही 'मेक्सिकन संयुक्त संस्थाने' असंच आहे. ब्राझील १८८९ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर कित्येक दशकं 'ब्राझीलची संयुक्त संस्थाने' होतं. म्हणजे नावाचा पहिला भाग शेजाऱ्यांनीही लावलेला आणि दुसरा भाग सगळ्या खंडाचा. त्या बिचाऱ्या देशाला स्वतःचं असं नावच नाही, असं मी वर्गात म्हणते. मुलं हसतात, पण खरंच तसं आहे.

मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लॉडिया शेनबॉम यांनी २०२५ च्या जानेवारीत पत्रकारांपुढे १६०७ सालचा नकाशाच धरला होता. ट्रम्प मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचं आखात' म्हणू लागले, त्यावरचं हे उत्तर. त्या नकाशात उत्तरेकडच्या भागावर 'अमेरिका मेक्सिकाना' असं लिहिलेलं. त्या हसत म्हणाल्या, हे नाव ऐकायला छान वाटतं, नाही का?

आमच्या दृष्टीनं सी विंगच्या मुलीला पूर्ण गुण.

---

अर्धविराम | सोमवार, दुपारी १२:१०

ताई, मुलगी खामल्याची आहे, मेक्सिकोची नाही. मराठीत विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मराठीतच लावायचा.

---

दप्तरदार | सोमवार, दुपारी ३:४५

मराठीतच लावू या की.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला तिकडे गेल्या आणि पुढे त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये. त्याचं नाव 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. मुखपृष्ठावर 'अमेरिका' नाही! देश म्हणजे यूनाइटेड स्टेट्स, एवढा काटेकोरपणा त्या बाईंनी त्या काळी पाळला. उलट १८१३ पासून मुंबईत आणि पुढे नगरला काम करणाऱ्या बॉस्टनच्या पाद्र्यांचं मिशन मात्र 'अमेरिकन मराठी मिशन'. म्हणजे दोन्ही वापर मराठीत दीडशे-दोनशे वर्षं शेजारी शेजारी नांदताहेत. आमच्या पणजीला दोन्ही नकोत. ती म्हणायची 'पाताळ'. पायाखाली सरळ भोक पाडलं की तिथे.

आता नावाकडे. 'अमेरिका' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला १५०७ मध्ये. लोरेन प्रांतातल्या सां-दिए नावाच्या गावात (आज फ्रान्समध्ये) मार्टिन वाल्डझेम्युलर आणि त्याचा मित्र मॅथिआस रिंगमन यांनी बारा तावांचा एक मोठा जगाचा नकाशा काढला. फ्लोरेन्सच्या अमेरिगो वेस्पुची या दर्यावर्द्यानं हा भूभाग म्हणजे आशिया नव्हे, नवंच काहीतरी आहे, असं लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी त्याच्या नावावरून नाव पाडलं. आशिया, युरोप ही नावं बायकांची, म्हणून याचंही स्त्रीलिंगी रूप केलं: अमेरिका.

मुद्दा असा की त्यांनी ते नाव लिहिलं कुठे? न्यूयॉर्कच्या जागी नव्हे. दक्षिणेकडच्या भूभागावर, साधारण आज ब्राझील आहे तिकडे. उत्तरेचा तुकडा त्या नकाशात एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावर हे नाव नाही. वाल्डझेम्युलरला पुढे शंका आली असावी, कारण १५१३ च्या नकाशात त्यानं हे नाव गाळून 'अज्ञात भूमी' असं लिहिलं. पण तोवर नाव सुटलं होतं. १५३८ मध्ये मर्केटर या नकाशाकारानं ते उत्तर आणि दक्षिण दोन्हींवर टाकलं. त्या १५०७ च्या नकाशाची एकच प्रत उरली आहे. ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००३ मध्ये एक कोटी डॉलर मोजून घेतली. स्वतःच्या देशाचा 'जन्मदाखला' म्हणून एवढे पैसे दिले आणि दाखल्यावर नाव शेजाऱ्याच्या अंगणात लिहिलेलं!

त्यामुळे त्या मुलीनं 'अमेरिकेतली नदी' म्हटल्यावर अमेझॉन सांगितली, तेव्हा तिनं १५०७ चं उत्तर दिलं. खामलावासींचं कार्ड फार नंतरचं.

---

तर्रीबाज | सोमवार, दुपारी ४:०२

बापा! पोरीनं घंटी वाजवली अन् पाचशे वर्षं मागं गेली.

---

काचीपुरा | सोमवार, सायंकाळी ६:३०

नावांच्या गोंधळावरून आमच्या घरातला किस्सा.

भाचा चौथीत असताना भिंतीवरच्या नकाशासमोर स्टुलावर चढून उभा होता. दीक्षाभूमीवर जाऊन आलो होतो, डोक्यात तेच. मला म्हणाला, "मामा, बाबासाहेब इथं शिकले." बोट दक्षिण अमेरिकेवर. बघतो तर कोलंबिया. आम्ही घरात सारखं म्हणतो ना, 'बाबासाहेब कोलंबियाला गेले १९१३ मध्ये', त्यानं नकाशात कोलंबिया शोधला आणि सापडलाही. मी त्याला उचलून वर न्यूयॉर्क दाखवलं, तर म्हणतो, "मग कोलंबियाची शाळा कोलंबियात का नाही?"

काय सांगू? तिथे दुकानं 'बॉम्बे टेलर्स' नावाची असतात तसं, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढे वाचल्यावर कळलं की ते विद्यापीठ आधी 'किंग्ज कॉलेज' होतं, १७५४ चं. इंग्रजांना हाकलल्यावर राजाचं नाव नको म्हणून १७८४ मध्ये 'कोलंबिया' केलं. कोलंबसावरून त्या नव्या देशाला लाडानं कोलंबिया म्हणत. राजधानी वॉशिंग्टनच्या 'डी.सी.'मधला 'सी'सुद्धा तोच.

म्हणजे दप्तरदारांचं धरून चाललो तर गंमत अशी: वेस्पुचीचं नाव लिहिलं दक्षिणेत आणि ते घेऊन बसला उत्तरेचा देश. कोलंबसाचं नाव उत्तरेत लाडकं आणि त्या नावाचा देश झाला दक्षिणेत. दोघांची पत्रं एकमेकांच्या पत्त्यावर गेली.

---

माई_टोरांटो | सोमवार, रात्री ९:१५

माहेर नागपूरच्या महाल भागातलं, सासर इतवारीतलं, सध्या मुलाकडे टोरांटोला.

मला कोणी विचारतच नाही. दर दिवाळीला जाऊबाई फोनवर म्हणतात, "तुमच्या अमेरिकेत थंडी पडली का?" मी बावीस वर्षं सांगतेय, अहो हा कॅनडा. त्यांचं ठरलेलं उत्तर: "तेच ते." इथे शेजारच्या बाईला मी पहिल्या वर्षी चुकून 'तुम्ही अमेरिकन लोक' म्हटलं होतं. तिनं हातातली बर्फ काढायची फावडी खाली ठेवली आणि मला समजावून सांगितलं. इतकी गोड बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता.

खंड म्हणून बघाल तर कॅनडा अमेरिकेतच आहे, पण इथल्या माणसाला अमेरिकन म्हणालात तर बघा. अर्जेंटिनाच्या माणसाला अमेरिकन म्हटलं नाही तर त्याला राग, कॅनडाच्या माणसाला म्हटलं तर राग. एकाच शब्दावर दोन टोकांचे रुसवे.

---

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९:४०

माई, भारी.

माझा एक प्रश्न, क्रिकेटवाल्यांसाठी. १९७५ अन् १९७९ चा वर्ल्ड कप उचलणारा क्लाइव्ह लॉइड कोणत्या खंडाचा? सगळे म्हणतील वेस्ट इंडीज, कॅरिबियन, बेटं. भाऊ गयानाचा आहे. गयाना बेट नाहीच, ते दक्षिण अमेरिकेच्या जमिनीवर, ब्राझीलला खेटून. कन्हाय, चंदरपॉल सगळे तिथलेच. १८३८ पासून आपल्याकडचे गिरमिटिये (करारावरचे मजूर) उसाच्या मळ्यांवर नेले, त्यांचीच पोरं. म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला, चुकून भलतीकडे पोचला, त्याला 'इंडीज' म्हणाला, मग इंग्रजांनी खरे इंडियावाले नेऊन तिथे सोडले, अन् ते दक्षिण अमेरिकेत राहून वेस्ट इंडीजकडून खेळले. आता लावा घंटी.

---

बागाईतदार | सोमवार, रात्री १०:२०

वरुडहून लिहून राहिलो. तुमचं अमेरिकेचं दुःख ऐकून मले माझं आठवलं.

नागपुरी संत्रा. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन भेटलं त्याले. आता बाग कोठं? काटोल-नरखेडले आहे, मान्य. पण वरुड-मोर्शीचं काय? आमचा जिल्हा अमरावती. पहाटे चारले उठून ट्रकमध्ये कॅरेट आम्ही भरतो, पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक म्हणते 'वा, नागपूरचा संत्रा!' ब्राझीलवाल्याले काय वाटत असन ते मले कोणी सांगायची गरज नाही. मोठ्या गावाचं नाव साऱ्याले पुरते, लहान गावानं नुसती फळं पुरवायची.

---

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:४५

पण दादा, 'वरुडचा संत्रा' लिहून पाठवला तर भाव तोच येईल का? नाव मोठं झालं की वाटा सगळ्यांनाच मिळतो.

---

बागाईतदार | सोमवार, रात्री १०:५१

हेच तर दुखणं हाय ना.

---

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी ९:००

वेगळ्या विदर्भावरचे सहा, वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीतल्या फरकावरचे नऊ आणि 'छोटा नागपूर झारखंडात का' यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. शेवटचे दोन खरं तर वाचनीय होते, त्यांनी स्वतंत्र धागा काढावा. विषय सोडून भांडत राहून या धाग्याचं काश्मीर करू नये.

---

जुनाभूगोल | मंगळवार, सकाळी ९:३०

नावं अशीच ताणली आणि आवळली जातात, त्यात अमेरिकेचं नवल नाही. 'आशिया' हे आधी आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या मुलखाचं नाव, तिथे रोमन लोकांचा त्याच नावाचा प्रांतही होता. 'आफ्रिका' हा त्यांचाच दुसरा प्रांत, कार्थेजच्या आसपास, म्हणजे आजचा ट्युनिशिया. लहान तुकड्यांची नावं पुढे अख्ख्या खंडांना चिकटली. अमेरिकेचा प्रवास दोन्हीकडचा: आधी तुकडा, मग सगळं, मग पुन्हा तुकडा, पण दुसराच. ऑस्ट्रेलियाचं त्यातल्या त्यात बरं, देशानं मुख्य भूमी एकट्यानंच अडवली आहे.

आणि त्या तेरा वसाहतींचा स्वभाव आधीपासून तसाच. त्यांनी इंग्रजांविरुद्ध सभा भरवली तिचं नाव 'कॉन्टिनेंटल काँग्रेस', सैन्य उभारलं ते 'कॉन्टिनेंटल आर्मी'. अटलांटिकच्या काठची एक पट्टी ताब्यात आणि बोलायचं खंडाच्या नावानं! त्याच सभेनं ९ सप्टेंबर १७७६ ला 'युनायटेड कॉलनीज' खोडून 'युनायटेड स्टेट्स' लिहायचं ठरवलं. पुढचं 'ऑफ अमेरिका' म्हणजे 'अमेरिका खंडातली' एवढंच होतं. तेव्हा त्या खंडावर दुसरं स्वतंत्र झालेलं गोऱ्यांचं राष्ट्र नव्हतं, म्हणून कोणाला खटकलंही नाही.

---

दप्तरदार | मंगळवार, सकाळी ११:००

सर, आपल्याकडचंही घ्या. पेशवाईतली पत्रं वाचा, 'हिंदुस्थानात स्वारी गेली' असं येतं. पुण्यात बसलेला माणूस हिंदुस्थानात जातो! कारण तेव्हा मराठीत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख, आणि आपण दक्षिणेत. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसावर गेल्या, तीही वेगळीच दिशा. पुढे तोच शब्द साऱ्या देशाला लागला. १७५० चा कारकून आणि आजचा विद्यार्थी यांना 'हिंदुस्थानातली सर्वात लांब नदी' विचारलंत तर दोघं गंगाच म्हणतील कदाचित, पण 'गोदावरी हिंदुस्थानात आहे का' म्हणालात की दोघांची जुंपेल.

आणि 'खंड' शब्दाचं काय? गणपती बसवताना गुरुजींनी संकल्प सोडला असेल तुमच्याकडे. 'भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे'. त्यात द्वीप मोठं आणि खंड त्याचा तुकडा. खंड म्हणजे मुळात तुकडाच, आपण त्याचा अर्थ 'सगळ्यात मोठं' करून टाकला. त्याच संकल्पात पुण्याकडचे गुरुजी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात, नागपुरात 'उत्तरे तीरे' म्हणायला हवं. म्हणतात का, हे कोणी लक्ष देऊन ऐकलंय?

---

खामलावासी | मंगळवार, दुपारी १:२०

दप्तरदार, तुमच्यामुळे आत्ता आमच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "पत्ता चुकला तर पूजा पोचेल का हो?" आणि फोन ठेवला. म्हणजे 'उत्तरे' म्हणत असावेत.

---

सौदामिनी_२ | मंगळवार, दुपारी २:००

अर्धविराम यांना एवढंच: इंग्रजीत निदान 'अमेरिकाज' असं अनेकवचन करून वेळ भागते. मराठीत 'शाळा'चं अनेकवचन 'शाळा', तसं 'अमेरिका'चं 'अमेरिका'. देश, खंड, दोन खंडं, सगळ्याला एकच रूप. मग मराठीत प्रश्न विचारणाऱ्यानं 'अमेरिका देशातली' किंवा 'अमेरिका खंडातली' असं लिहायला नको? एक शब्द जास्त लागला असता.

---

अर्धविराम | मंगळवार, दुपारी २:२५

हे मान्य. देश हा माझा पहिला अर्थ, पण चषकाच्या प्रश्नात पहिल्या अर्थावर विसंबून राहता येत नाही. प्रश्नच रद्द करायला हवा होता.

---

खामलावासी | शुक्रवार, रात्री ९:५०

अपडेट.

काल रात्री हिंमत करून सी विंगमध्ये गेलो. सोबत अर्धा किलो संत्रा बर्फी. आबाजींनी दार उघडलं, बर्फीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मिसुरी." एवढंच. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी मंडपातच म्हटलं नाही, कारण, त्यांच्या शब्दांत, "तुमची एवढी लाज माईकवर काढायची नव्हती."

मुलगी ॲटलास घेऊन आली. तिनं मला अमेझॉन दाखवली, पेरूपासून ब्राझीलपर्यंत बोट फिरवत, साधारण ६,४०० किलोमीटर. मग मिसुरी. मग विचारलं, "काका, आपल्या नागपुरातला झिरो माइलचा दगड भारताच्या मधोमध आहे असं पुस्तकात होतं. कोणत्या भारताच्या?" मी म्हटलं, काय म्हणजे? तर म्हणाली, "तो इंग्रजांच्या वेळचा ना? तेव्हा नकाशात पाकिस्तान, बांगलादेश वेगळे नव्हते. मग मध्य सरकला नसेल?" बर्डीवरून त्या चार घोड्यांशेजारून मी रोज ऑफिसला जातो. हे डोक्यात आलेलं नाही कधी.

मंडळाच्या बैठकीत ठरलं ते असं: तो प्रश्न बाद, निकाल बरोबरीचा, चषक सहा महिने ए विंगमध्ये आणि सहा महिने सी विंगमध्ये. पुढच्या वर्षीचे प्रश्न सी विंगच्या मुलीला तपासायला द्यायचे, त्यामुळे तिला भाग घेता येणार नाही, यावर तिचा तीव्र आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. चषक सध्या सी विंगच्या तळमजल्यावर चपलांच्या रॅकवर आहे. लिफ्टमध्ये आज दोघं बोलले.

सगळ्यांचे आभार. माई, तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

माई_टोरांटो | शुक्रवार, रात्री १०:३०

सांगितला. म्हणाल्या, "अमेरिकेतून आला का?"

---

बागाईतदार | शनिवार, पहाटे ५:१०

सहा-सहा महिन्यांची आयडिया आवडली. संत्र्याचंबी तसंच करा मग. आंबिया बहार तुमच्या नावानं जाऊ द्या, मृगाचा आमच्या.